संशोधन करता करता अध्यापन शिकताना : विज्ञानाच्या नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

विज्ञान शाखेत पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी उपकरण कसे चालवावे, नोंदवही कशी ठेवावी आणि शोधनिबंध कसा वाचावा हे प्रयोगशाळेतले कोणीतरी ज्येष्ठ शेजारी बसून शिकवतात. त्याच वर्षी त्याच्याकडे बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांची एखादी बॅच सोपवली जाते, आणि ती कशी घ्यावी हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगत नाही. ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतेच, असे आपल्याकडे गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक चुकीचे आहे, आणि त्याची किंमत समोर बसलेली मुले मोजतात. अध्यापन हे प्रयोगाच्या तंत्रासारखेच सरावाने, निरीक्षणाने आणि दुसऱ्याने दाखवलेल्या त्रुटींवरून शिकायचे कौशल्य आहे. संशोधनाची चार-पाच वर्षे ते शिकण्यासाठी उत्तम असतात, कारण या काळात जबाबदारी मर्यादित असते आणि विचारायला माणसे जवळ असतात.

पुढच्या सर्व सूचनांमागे एकच विचार आहे. तासाची तयारी करताना आपण काय बोलणार याच्या आधी विद्यार्थी त्या तासात काय करणार, याचा विचार करावा. नवा शिक्षक स्वाभाविकपणे स्वतःच्या बोलण्याची तयारी करतो. टिपणे काढतो, स्लाइड करतो, संभाव्य प्रश्नांची उत्तरे पाठ करतो. ती तयारी आवश्यक असली, तरी तेवढ्याने समोरच्याला काही शिकता येईल याची खात्री नसते.

सुरुवात कोठून करावी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने, त्याचा विषय कोणताही असो, आपल्या विषयाशी निगडित अध्यापन, अध्यापनशास्त्र किंवा लेखन यांचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. याच विनियमांत आठवड्याला ४ ते ६ तासांचे साहाय्यक काम, म्हणजे ट्युटोरियल, प्रयोगशाळेतले काम आणि मूल्यमापन, सोपवण्याची तरतूद आहे. त्यामुळे अध्यापनासाठी वेळ मागताना आपण संशोधनातून पळवाट शोधत आहोत असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. पहिल्या सत्राच्या आरंभीच आपल्या मार्गदर्शकांशी आणि विभागप्रमुखांशी बोलून कोणत्या वर्गाचे, कोणत्या दिवशी आणि किती तासांचे काम मिळेल हे ठरवून घ्यावे. ते तोंडी न ठेवता एका ई-मेलमध्ये लिहून पाठवावे, म्हणजे सत्राच्या मध्यावर कामाचे तास नकळत वाढत गेल्यास बोलायला आधार राहतो.

पहिले काम म्हणून व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाची बॅच मागावी, असे माझे ठाम मत आहे. साठ-सत्तर मुलांपुढे तासभर बोलताना कोणाला किती कळले हे नवख्याला समजत नाही. वीसेक मुलांच्या बॅचमध्ये टेबलाजवळ उभे राहिले की प्रत्येकाचा हात, वही आणि चेहरा दिसतो. दुसरे काम ट्युटोरियलचे, आणि व्याख्यान त्यानंतर.

आधी दुसऱ्यांचे तास पाहा

आपण शाळा-महाविद्यालयात हजारो तास बसलेलो असतो, पण ते विद्यार्थी म्हणून. शिक्षक म्हणून तास पाहणे वेगळे असते. विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांची परवानगी घेऊन त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे. त्यात एक तरी प्राध्यापक विद्यार्थ्यांना आवडणारे आणि एक तरी आपल्या विषयाबाहेरचे असावेत. विषय अनोळखी असला की आपले लक्ष आशयात न गुंतता अध्यापनाकडे राहते आणि न कळणाऱ्याची अवस्था स्वतः अनुभवता येते.

वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करावेत. डावीकडे दर पाच मिनिटांनी शिक्षक काय करत आहेत ते लिहावे : फळ्यावर सूत्र मांडत आहेत, प्रश्न विचारला, प्रात्यक्षिक दाखवले, उदाहरण सोडवले. उजवीकडे त्याच वेळी विद्यार्थी काय करत आहेत ते लिहावे : उतरवून घेत आहेत, शेजाऱ्याशी बोलत आहेत, आकृती काढत आहेत, मोबाइल पाहत आहेत. या टप्प्यावर मत लिहू नये, केवळ निरीक्षण लिहावे. तास संपल्यावर उजवा रकाना वरून खाली वाचला की विद्यार्थ्यांनी स्वतः विचार करण्यात एकूण किती मिनिटे घालवली हे दिसते. अनेकदा उत्तम वक्त्याच्या तासातही हा आकडा फार लहान असतो. ज्यांचा तास पाहिला त्यांना नंतर भेटून एक-दोन प्रश्न जरूर विचारावेत, उदाहरणार्थ अमुक उदाहरण आधी का घेतले. मात्र न मागता अभिप्राय देऊ नये.

तासाचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहा

‘आज प्रकाशसंश्लेषण शिकवायचे आहे’ हे उद्दिष्ट नव्हे, तो धड्याचा मथळा आहे. तास संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे हे एका वाक्यात लिहावे आणि त्या वाक्यात आपल्याला तपासता येईल असे क्रियापद असावे. ‘समजेल’ किंवा ‘कळेल’ हे तपासता येत नाही. ‘आलेख पाहून मर्यादा आणणारा घटक ओळखेल’, ‘दिलेल्या आकड्यांवरून द्रावणाची तीव्रता काढेल’, ‘दोन स्पष्टीकरणांपैकी कोणते निरीक्षणाशी जुळत नाही ते सांगेल’ हे तपासता येते. तासाला एक, फार तर दोन उद्दिष्टे असावीत. ज्या विषयावर आपण संशोधन करतो त्या विषयाचा तास घेताना याची विशेष काळजी घ्यावी लागते, कारण तिथे आपल्याला सगळेच महत्त्वाचे वाटते.

विद्यार्थ्याच्या मनात आधीपासून काय आहे ते शोधा

विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही. निसर्ग कसा चालतो याविषयी त्याच्या मनात काही समजुती पक्क्या झालेल्या असतात आणि त्यातल्या काही वैज्ञानिक स्पष्टीकरणाच्या आड येतात. त्या समजुती उघड केल्याशिवाय शिकवलेले परीक्षेपुरते राहते. याचे एक उदाहरण मी थोडे विस्ताराने देतो, कारण जीवशास्त्राचा वर्ग घेणाऱ्या कोणालाही ते लगेच वापरता येईल.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण फळ्यावर लिहायला सांगितले, तर बहुतेक मुले ते बिनचूक लिहितात. त्याच मुलांना एक वाळलेला लाकडी ओंडका दाखवावा आणि विचारावे : बीज काही ग्रॅमचे होते, हे लाकूड कित्येक किलोचे आहे, हे जास्तीचे वस्तुमान मुख्यतः कोठून आले? प्रत्येकाने उत्तर आधी चिठ्ठीवर लिहायचे, मग बोलायचे. माती, खत, पाणी, सूर्यप्रकाश ही उत्तरे मोठ्या प्रमाणात येतात. ‘हवा’ हे उत्तर देणारी मुले थोडी असतात आणि त्यांच्यापैकी काहींना स्वतःच्याच उत्तरावर विश्वास नसतो. समीकरणात कार्बन डायऑक्साइड लिहिणारा विद्यार्थी लाकूड हवेतून आले हे मान्य करायला तयार नसतो, म्हणजे समीकरण आणि झाड ही त्याच्या मनात दोन वेगळ्या खोल्यांत राहत असतात.

येथे सतराव्या शतकातील वैज्ञानिक फान हेल्मोंट यांचा प्रयोग सांगावा. त्यांनी सुमारे ९० किलो, म्हणजे २०० पौंड कोरडी माती कुंडीत घेऊन तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती जेमतेम २ औंसांनी कमी भरली. हे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली प्रसिद्ध झाले. आकडे फळ्यावर लिहून वर्गाला विचारावे : या आकड्यांवरून कोणते स्पष्टीकरण बाद होते? माती बाद होते. मग पुढचा प्रश्न : हेल्मोंट यांनी झाड पाण्यापासून बनले असा निष्कर्ष काढला, त्यांच्या प्रयोगाने तो सिद्ध होतो का? मुले काही वेळाने म्हणतात की हवा मोजलीच नव्हती. त्यानंतर लाकडाच्या शुष्क वस्तुमानात सुमारे निम्मा कार्बन असतो, हा आकडा द्यावा आणि तो कार्बन मातीतून आला नसेल तर कोठून आला, हे समीकरणात शोधायला सांगावे. सूर्यप्रकाशाने ऊर्जा दिली, वस्तुमान नव्हे, हा फरकही याच टप्प्यावर विचारून घ्यावा. या सगळ्याला पंचवीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात व्याख्यानातून कितीतरी अधिक माहिती सांगता आली असती, पण या अर्ध्या तासात मुलांनी एक चुकीची समजूत पुराव्याने मोडलेली असते आणि एका प्रसिद्ध प्रयोगातली उणीवही स्वतः शोधलेली असते.

प्रत्येक विषयात असे प्रश्न असतात. भौतिकशास्त्रात उभ्या वर फेकलेल्या चेंडूचे सर्वोच्च बिंदूवर त्वरण किती, असे विचारल्यास ‘शून्य’ हे उत्तर हमखास येते, कारण तिथे वेग शून्य असतो आणि वेग व त्वरण यांची गल्लत झालेली असते. रसायनशास्त्रात उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांमध्ये काय असते हा प्रश्न विचारून पाहावा. हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन अशी उत्तरे पदवीच्या वर्गातही येतात. आपल्या विषयातले असे पाच-सहा प्रश्न जमवून ठेवणे हे नव्या शिक्षकाने पहिल्या सत्रात करायचे सर्वांत उपयोगी काम आहे. मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विद्यार्थ्यांच्या अशा समजुतींवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्राचे साहित्य विज्ञान शिकवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने पाहावे.

प्रात्यक्षिकाच्या टेबलापाशी

आपल्या महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांचा मोठा दोष असा की उत्तर आधीच माहीत असते. मागच्या वर्षीचे जर्नल कोणाकडे तरी असते, त्यातली वाचने थोडी बदलून उतरवली जातात आणि सही मिळते. मुलांना दोष देण्याआधी आपण त्यांच्याकडून काय मागतो ते पाहावे. सही ‘बरोबर’ उत्तराला मिळत असेल, तर मुले बरोबर उत्तर आणून देतात.

आम्ल-अल्कलीचे साधे टायट्रेशन घेऊ. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये आम्ल आणि फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. नवा निदर्शक टेबलाटेबलावर जाऊन ‘थांबा, आता बंद करा’ असे सांगत फिरतो आणि मुलांचे काम स्वतःच करून टाकतो. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात. बॅच येण्याआधी, शक्य असल्यास आदल्या दिवशी, त्याच द्रावणांनी आणि त्याच काचसामानाने प्रयोग स्वतः करून पाहावा; ब्युरेटची तोटी गळते का, रंगबदल दिवसाच्या उजेडात कसा दिसतो, हे आधी माहीत असावे. सुरुवातीच्या सूचना दहा मिनिटांत आटोपाव्यात आणि त्यात सुरक्षेची सूचना पहिली असावी : चष्मा, आणि पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी बल्ब वापरायचा. मग एका विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या हातून पहिले ढोबळ वाचन सगळ्यांसमोर घ्यावे.

काम सुरू झाल्यावर वाचनांच्या वह्या पाहाव्यात. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतात आणि दोन खुणांच्या मधला अंदाज घेऊन ०.०५ पर्यंत वाचता येते. एखाद्याची तिन्ही वाचने १०.० अशी नेमकी सारखी असतील, तर त्याला ‘खोटे लिहिले आहे’ असे म्हणू नये. त्याला ब्युरेटसमोर उभे करावे, द्रावणाच्या वक्र पृष्ठाच्या तळाशी डोळा आणायला सांगावे, मग डोळा दोन इंच वर नेऊन पुन्हा वाचायला सांगावे. दोन वाचनांत फरक आला की विचारावे, यातले खरे कोणते आणि का? पुढच्या वेळी त्याच्या वहीत १०.०५ आणि ९.९५ दिसू लागतात. अंतिम बिंदूबाबतही तसेच. फिकट गुलाबी रंग आला आणि थोड्या वेळाने गेला, तर मुले घाबरून आणखी अल्कली घालतात. अंतिम बिंदूला सुमारे अर्धे मिनिट टिकणारा फिकट रंग पुरेसा असतो आणि नंतर तो उडण्यामागे हवेतला कार्बन डायऑक्साइडही असतो, हे सांगण्याआधी ‘फ्लास्क उघडा आहे, बाहेरून आत काय जाऊ शकेल?’ एवढेच विचारावे. ज्याला हे उत्तर स्वतः सुचते त्याला तोंडी परीक्षेची वेगळी तयारी करावी लागत नाही.

सही करतानाही एक पथ्य पाळावे. ज्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा दूर आहे, पण ज्याने कच्ची वाचने खाडाखोड न करता लिहिली आहेत आणि फरकाचे एक संभाव्य कारण मांडले आहे, त्याला पूर्ण गुण द्यावेत आणि ते बॅचसमोर सांगावे. हे धोरण विभागातल्या प्रभारी शिक्षकांना आधी विचारून घ्यावे लागते. ते मान्य झाले, तर दोन-तीन प्रात्यक्षिकांत बॅचचे वागणे बदललेले दिसते.

प्रश्न विचारा आणि थांबा

मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक महिलेने १९७०च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखाद सेकंदच थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. ही प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. वर्गात उभे राहून ते मोजून पाहावेत, किती लांब वाटतात ते कळेल. ‘समजले का?’ हा प्रश्न विचारूच नये, कारण त्याला एकच उत्तर येते.

मोठ्या वर्गासाठी हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१पासून वापरलेली पद्धत आपल्याकडेही सहज चालते. चार पर्यायांचा एक संकल्पनात्मक प्रश्न फळ्यावर लिहावा. वर दिलेला चेंडूचा प्रश्न यासाठी उत्तम आहे. मुलांनी मिनिटभर एकट्याने विचार करून छातीजवळ बोटे धरून पर्याय दाखवावा, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून हात वर करण्याचा प्रश्न उरत नाही. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील, तर बरोबर उत्तर न सांगता प्रत्येकाने शेजारच्या वेगळे उत्तर देणाऱ्याला दोन मिनिटे पटवून द्यावे असे सांगावे आणि पुन्हा मत घ्यावे. फारच थोडी उत्तरे बरोबर असल्यास चर्चा उपयोगाची नसते. तो भाग नव्याने समजावून द्यावा. जवळजवळ सगळी बरोबर असल्यास पुढे जावे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

अशा पद्धतींनी खरोखर फरक पडतो का, असा प्रश्न संशोधक विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी पदवीस्तरावरील विज्ञान, अभियांत्रिकी व गणित अध्यापनाच्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. मात्र त्याच नियतकालिकात २०१९ साली आलेल्या हार्वर्डमधल्या एका अभ्यासात असे दिसले की कृतियुक्त वर्गात मुले अधिक शिकली, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले, कारण विचार करण्याचे श्रम त्यांना जाणवत होते. म्हणून नवी पद्धत सुरू करताना ती का वापरत आहोत हे पहिल्याच दिवशी वर्गाला मोकळेपणाने सांगावे. न सांगितल्यास ‘हे सर शिकवतच नाहीत’ अशी तक्रार येऊ शकते.

भाषा

महाराष्ट्रात पदवीच्या विज्ञान वर्गात बसलेल्या मुलांपैकी अनेकजण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. वस्तुमान, त्वरण, संवेग, संयुजा या संकल्पना त्यांनी शाळेत नीट शिकलेल्या असतात, पण अकरावीपासून त्याच संकल्पना इंग्रजी नावांनी येतात आणि जुने ज्ञान नव्याशी जोडले जात नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला त्या दिवशी लागणाऱ्या पाच-सहा संज्ञा दोन्ही भाषांत फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहाव्यात आणि तास संपेपर्यंत पुसू नयेत. स्पष्टीकरण मराठीत, संज्ञा इंग्रजीत, आणि उत्तर मुलांनी आधी मराठीत बोलून मग इंग्रजीत लिहायचे, हा क्रम बहुतेक वर्गांना मानवतो. इंग्रजीत बोलता न येणारा विद्यार्थी विज्ञानात कच्चा आहे असे मानण्याची चूक कदापि होऊ देऊ नये. वर्गात अन्य भाषकही असतील, तर त्यांची सोय पाहून मिश्रण ठरवावे.

संबोधनाविषयी एक छोटी गोष्ट. वयात फारसे अंतर नसल्याने काही मुले संशोधक विद्यार्थ्याला ‘सर’, ‘मॅडम’ म्हणतात, तर काही ‘दादा’, ‘ताई’. दोन्ही चालते. गुण देताना मात्र ओळखीचा आणि अनोळखी असा भेद दिसता कामा नये, म्हणून तपासण्याआधीच कोणत्या मुद्द्याला किती गुण हे लिहून ठेवावे आणि सर्व उत्तरपत्रिकांमधला पहिला प्रश्न आधी, मग दुसरा, अशा क्रमाने तपासावे.

व्याख्यानाची पहिली संधी आली की

एका तासाच्या व्याख्यानाचा आराखडा मिनिटांत लिहावा. साधारणपणे पहिली पाच मिनिटे मागच्या तासातील एका प्रश्नासाठी, पुढची बारा-पंधरा मिनिटे नव्या कल्पनेसाठी, मग पाच-सात मिनिटे मुलांना करायच्या प्रश्नासाठी, पुन्हा बारा मिनिटे मांडणी, त्यानंतर एक सोडवलेले उदाहरण आणि एक त्यांनी सोडवायचे. हजेरीला लागणारा वेळ यात धरावा. आराखड्याच्या समासात ‘वेळ कमी पडल्यास हे गाळायचे’ अशी खूण एखाद्या भागावर आधीच करून ठेवावी, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत धावपळ होत नाही. गणिती मांडणी, यंत्रणा आणि आकृत्या फळ्यावरच कराव्यात. हाताच्या गतीने लिहिले की मुलांच्या विचारालाही तेवढा अवधी मिळतो. छायाचित्रे, आलेख आणि सूक्ष्मदर्शकातली दृश्ये यांसाठी स्लाइड चांगली. रिकाम्या वर्गात एकदा जाऊन फळ्यावर लिहून पाहावे आणि शेवटच्या बाकावरून ते वाचता येते का, ते बघावे.

शेवटची तीन मिनिटे राखून ठेवून प्रत्येकाकडून बिननावाची चिठ्ठी घ्यावी : आज नीट कळलेली एक गोष्ट आणि अजून न कळलेली एक गोष्ट. साठ चिठ्ठ्या वाचायला पंधरा मिनिटे लागतात. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटे या चिठ्ठ्यांमधून आलेल्या सर्वांत सामाईक शंकेला द्यावीत. आपण लिहिलेले वाचले जाते हे दिसले की पुढच्या चिठ्ठ्या अधिक प्रामाणिक येतात.

अभिप्राय मागून घ्या

सत्रातून दोनदा तरी एखाद्या सहकाऱ्याला आपला तास पाहायला बोलवावे, आणि त्याला वर सांगितलेला दोन रकान्यांचा कागद द्यावा. ‘कसा झाला तास?’ असे विचारल्यास ‘छान झाला’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी एक नेमका प्रश्न आधीच सांगून ठेवावा, जसे ‘मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो ते मोज’ किंवा ‘डावीकडच्या बाकांकडे मी किती वेळा पाहतो ते बघ’. वर्गाची आणि विभागाची परवानगी असल्यास मोबाइलवर केवळ स्वतःचा आवाज मुद्रित करून ऐकावा. बोलण्याची गती, अर्धवट सोडलेली वाक्ये आणि सवयीचे शब्द त्यात स्पष्ट ऐकू येतात. एका वेळी एकच गोष्ट सुधारायला घ्यावी.

विद्यार्थ्यांकडून अभिप्राय सत्र संपल्यावर न घेता मध्यावर घ्यावा, म्हणजे त्याच विद्यार्थ्यांना त्याचा लाभ होतो. दोनच प्रश्न पुरेत : कशामुळे शिकायला मदत होते, आणि काय बदलावे. आलेल्या सूचनांपैकी काय बदलणार आणि काय बदलणार नाही, हे कारणांसह वर्गात सांगावे. एखादी चिठ्ठी कठोर असेल तर ती दोन दिवस बाजूला ठेवून मग पुन्हा वाचावी. त्यात बऱ्याचदा कामाचे काही निघते.

वर्गाबाहेरचा सराव

सामान्य श्रोत्यांपुढे विज्ञान मांडण्याचा सराव वर्गातल्या अध्यापनाला फार उपयोगी पडतो, कारण तिथे हजेरीची सक्ती नसते आणि कंटाळा आला की श्रोता उठून जातो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त बहुतेक संशोधन संस्था आणि महाविद्यालये आपली दारे उघडतात. तिथे एक टेबल मागून घ्यावे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंमधून विज्ञानाची खेळणी करून दाखवण्याचे जे काम केले, त्यातली कित्येक खेळणी पदवीच्या वर्गातही प्रात्यक्षिक म्हणून वापरता येतात. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विभागांमार्फत तालुक्याच्या ठिकाणीही व्याख्याने होतात. आपल्या गावच्या शाळेत सुट्टीत जाऊन आठवीच्या वर्गाला एक तास स्वतःच्या संशोधनावर बोलून पाहावे. जी गोष्ट तिथे सांगता येत नाही ती अनेकदा आपल्यालाच पुरती स्पष्ट झालेली नसते.

नोंदी आणि पुढची वाट

पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवावी. तीत तासांचे आराखडे, स्वतः तयार केलेले प्रश्न, सहकाऱ्यांचे निरीक्षणाचे कागद, मध्यसत्रातल्या अभिप्रायाचा गोषवारा आणि प्रत्येक तासानंतर लिहिलेल्या चार ओळी असाव्यात : काय चालले, काय चालले नाही, पुढच्या वेळी काय बदलायचे. मुलांची नावे किंवा गुण यात ठेवू नयेत. सत्र संपताना केलेल्या कामाचे तास आणि वर्ग नमूद असलेले पत्र विभागाकडून घ्यावे. तीन वर्षांनी ते मिळवणे अवघड जाते.

साहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता असून महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. १ जुलै २०२३पासून या पदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे, म्हणून पीएच.डी. हातात येईपर्यंत पात्रता परीक्षा पुढे ढकलण्यात अर्थ नाही. या परीक्षा विषयज्ञान तपासतात. वर्ग हाताळण्याची क्षमता मुलाखतीत कळते. मुलाखतीत ‘एखादा घटक शिकवून दाखवा’ असे सांगितले, तर स्वतःच्या प्रबंधाचा विषय घेऊ नये. पदवीच्या पहिल्या वर्षाचा एखादा घटक घ्यावा, मुलाखत मंडळालाच एक प्रश्न विचारून थांबावे आणि आलेल्या उत्तरावरून पुढे जावे. त्यासाठी आपल्या फाइलमधला, वर्गात दोन-तीनदा वापरून सुधारलेला एखादा दहा मिनिटांचा भाग नेहमी तयार असावा.

प्रबंधलेखनाच्या अखेरच्या सहा महिन्यांत नवा अभ्यासक्रम अंगावर घेऊ नये. त्या काळात आधी घेतलेलीच एखादी बॅच पुन्हा घ्यावी, तयारीला लागणारा वेळ निम्म्यावर येतो, आणि पहिल्या वर्षी आलेल्या नव्या संशोधक विद्यार्थ्याला सोबत घेऊन आपली फाइल त्याला वापरायला द्यावी.